जिंकलेला नको, पडलेला ठराव दाखवा

मंडळी, ग्रामपंचायतीच्या कार्यालयात गेलात की एकदा भिंतीकडे बघा. गाडगेबाबा अभियानाचं प्रमाणपत्र, तंटामुक्तीचं, स्मार्ट ग्रामचं, आणि शेजारी फेटे बांधलेले फोटो. गावाला मिळणारे पुरस्कार आता नवे राहिलेले नाहीत. अलीकडे मात्र गावापेक्षा माणसाला, त्यातही तरुण पुढाऱ्याला पुरस्कार देण्याची पद्धत वाढली आहे. आणि परीक्षक कोण? तर जुनी, मुरलेली मंडळी. ही मंडळी नेमकं काय बघतात, असा प्रश्न तुम्हाला कधी पडला असेल तर पुढची हकिगत वाचा.

डिसेंबर २०२४ मध्ये आमच्या भागातल्या एका संस्थेने पस्तीस वर्षांखालच्या सरपंचांसाठी पुरस्कार ठेवला होता. परीक्षक तिघे. एक पंचायत समितीचे माजी सभापती, त्यांना सगळे आप्पा म्हणतात. दुसऱ्या काकू, १९९७ साली महिला राखीव जागेवरून झेडपीत गेलेल्या. तिसरे निवृत्त मुख्याध्यापक, स्वतः एक टर्म सरपंच राहिलेले. शेतीची कामं दाखवायला माहितगार माणूस हवा म्हणून मला सोबत धाडलं होतं. नावं सांगत नाही, सगळ्यांना इथंच राहायचं आहे.

आधी माझी चूक सांगतो. अर्ज केलेल्यांत एक एकतीस वर्षांचा सरपंच माझ्या जवळचा. शब्द टाकला की प्रात्यक्षिकाला प्लॉट देणारा, मेळाव्याला माणसं जमवणारा. आम्हा विस्तारवाल्यांना असा सरपंच म्हणजे सोनंच. त्याचा अर्ज मीच भरून दिला होता. त्यात एक वाक्य होतं : गावातील बहुतांश ऊस ठिबकखाली.

पहिल्याच दिवशी गाडीत बसल्यावर आप्पा म्हणाले, "या पोराच्या आजोबानं मला दोनदा पाडलंय. याला गुण मी देणार नाही, तुम्ही दोघं द्या." गुरुजी म्हणाले, "आप्पा, एवढं मनाला लावून नका घेऊ." आप्पा म्हणाले, "मनाला लागलंय म्हणूनच सांगतोय." राजकारणात गट-तट असतातच, नाही कोण म्हणतो? पण परीक्षकाने ते आधी सांगून बाजूला होणं मी तरी पहिल्यांदा बघितलं.

त्या गावात स्वागत जोरात झालं. कमान, रांगोळ्या, लेझीम. आदल्या रात्री झाडलेले रस्ते ओळखू येतात. गाडगेबाबा अभियानाच्या समित्या फिरू लागल्यापासून आपल्याला सवय आहे. आर. आर. आबांनी २०००-०१ मध्ये ते अभियान काढलं तेव्हा आधी काम, मग बक्षीस असा हिशेब होता. आबा स्वतः १९७९ साली बावीसाव्या वर्षी झेडपीचे सदस्य झाले होते, त्यामुळे गाव कुठं लपवतं आणि कुठं दाखवतं हे त्यांना ठाऊक असणार. काकूंनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, "शिवारात जाऊ." आणि डांबरी सोडून पाणंदीने चालू लागल्या.

तिसऱ्याच उसाच्या फडात पाटाने पाणी चाललं होतं. ठिबकच्या नळ्या गोठ्याच्या माळ्यावर गुंडाळून ठेवलेल्या. पुढच्या दोन फडांत तोच प्रकार. शेतकऱ्याला दोष देत नाही, फिल्टर तुंबतो, उंदीर नळ्या कुरतडतात, विजेची वेळ रात्रीची. अडचणी खऱ्या आहेत. पण काकूंनी मला विचारलं, "साहेब, या नळ्या कुणी मोजल्या?" मी म्हटलं, "मीच." बसवल्या तेव्हा मोजल्या होत्या, चालतात का ते बघायला पुन्हा गेलो नव्हतो. आप्पा लांब बांधावर उभे राहून शेंगा सोलत होते, एक शब्द बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशीचं गाव कमानीचं नव्हतं. सरपंच अठ्ठावीस वर्षांची सून, डिसेंबर २०२२ मध्ये थेट जनतेतून निवडून आलेली. थेट निवडीची गंमत तुम्हाला माहीत आहे : सरपंच एका पॅनेलचा आणि सदस्यांचं बहुमत दुसऱ्याचं. २०१७ ला ही पद्धत आली, २०२० मध्ये गेली, २०२२ मध्ये परत आली. या बाईच्या बाजूला सदस्य तीन आणि समोर सहा. आप्पांनी विकासकामांची फाईल उघडलीच नाही. आधी नमुना नंबर ९ मागितला, म्हणजे कर मागणीचं रजिस्टर. त्यात सासऱ्यांच्या नावाची जुनी थकबाकी दिसत होती आणि पुढे पावती नंबर. "पहिली नोटीस घरातच दिली होय पोरी?" ती म्हणाली, "हो. महिनाभर घरात कुणी बोललं नाही माझ्याशी."

मग आप्पा म्हणाले, "जिंकलेले ठराव सगळेच दाखवतात. एखादा पडलेला दाखव."

तिने प्रोसिडिंग बुक काढलं. १५ ऑगस्ट २०२४ ची ग्रामसभा. २०२३ ला पाऊस कमी झालेला, पुढच्या उन्हाळ्यात गावाला टँकर लागलेले. म्हणून तिने ठराव मांडला : शिवारात नवी बोअर घ्यायची नाही आणि नवा ऊस लावायचा तर ठिबकवरच. बाजूने ४१, विरोधात ६०. एकोणिसांनी पडला. विरोधात बोललेल्यांची भाषणं तिने मुद्देसूद नोंदवून घेतली होती, "सरपंचाला शेतीतलं काय कळतं" या वाक्यासकट. गुरुजींनी ते दोनदा वाचलं.

हिवरे बाजारची आठवण तिथं निघणं साहजिक होतं. पोपटराव पवार १९८९ साली सरपंच झाले तेव्हा तिशीच्या आतलेच, एम.कॉम. झालेले. श्रमदान, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी सगळ्यांना पाठ आहे. पण शेतीला बोअरचं पाणी नको, ऊस आणि केळी नको, आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडायचा, हे लोकांकडून मान्य करून घेणं जास्त अवघड. असं "नको" म्हणून मतं मिळत नाहीत, उलट जातात. तेच पोपटराव पुढे राज्याच्या आदर्श गाव समितीचे कार्याध्यक्ष झाले, २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. तरुणपणी ज्याने लोकांचा राग अंगावर घेतला, तो पुढे दुसऱ्याची पारख करायला बसतो, हे मला तरी योग्य वाटतं.

निकालाच्या बैठकीत वाद झालाच. गुरुजी म्हणाले, "पडलेल्या ठरावाला बक्षीस दिलं तर उद्या सगळे मुद्दाम ठराव पाडून घेतील. आणि छापील गुणपत्रिकेत याला रकाना कुठाय?" मुद्दा बिनतोड होता. काकू म्हणाल्या, रकाना नसेल तर पेनाने आखा. आप्पांनी दूध संकलन केंद्रावर आणि गिरणीवर परस्पर चौकशी केली होती, तिच्या विरोधकांकडेसुद्धा. एका कडव्या विरोधकाने म्हणे सांगितलं, "बाई आगाऊ आहे, पण वही खोटी लिहीत नाही." शेवटी दोन विरुद्ध एक असा निर्णय झाला. गुरुजींनी आपलं वेगळं मत लेखी दिलं, तेही फाईलला लागलं.

माझ्या जवळच्या सरपंचाने आठ-दहा दिवस फोन उचलला नाही. मग एक दिवस स्वतःच आला आणि म्हणाला, नळ्या पुन्हा अंथरायच्यात, फिल्टर साफ करायचं शिकवा. आम्ही दोघांनी एक अख्खा दिवस फक्त फिल्टर आणि उंदरांच्या बिळांवर घालवला. मी माझं रजिस्टरही बदललं : बसवलेले संच एका रकान्यात, चालू असलेले दुसऱ्या. दुसरा आकडा बराच लहान आहे.

ग्रामसेवक भाऊसाहेबांना एक विनंती. तरुण सरपंच अर्ज घेऊन आला की फोटोंच्या आधी इतिवृत्ताची वही त्याच्यापुढे ठेवा. आणि शेतकरी बंधूंनो, ग्रामसभेला कोरम शंभर माणसांचा किंवा मतदारांच्या पंधरा टक्के, यात जो आकडा कमी असेल तो. त्यात तुम्ही नसाल तर तुमच्या नावाचा हात दुसरं कुणी वर करत नाही.

२६ जानेवारी २०२५ च्या ग्रामसभेत त्या सरपंचबाईंनी तोच ठराव पुन्हा मांडला. मी मागे उभा होतो. सन्मानचिन्ह कार्यालयातल्या कपाटावर होतं, त्याचा कुणी विषय काढला नाही. बोअरवर तास-दीड तास वादावादी झाली, मग हात मोजले. या वेळी चारांनी पडला.