कमान दिसली म्हणजे स्पॅनिश नव्हे

पनवेलहून नेऱ्याकडे निघालं की माथेरानचा डोंगर जवळ येतो आणि बंगल्यांच्या स्कीमच्या पाट्याही वाढतात. तिथे ‘स्पॅनिश व्हिला’ म्हणून जे दाखवतात त्यात बहुधा पांढरा रंग, दारावर कमान आणि लाल कौलं असतात. पण कमान आणि लाल कौलं तर गोव्यातल्या पोर्तुगीज वळणाच्या कितीतरी घरांतही सापडतात.

फरक आहे तो घराचं तोंड कुठे आहे यात. गोव्याचं घर रस्त्याकडे बघतं. बाल्कांवातल्या, म्हणजे दारापुढच्या ओसरीतल्या, दोन्ही बाजूंच्या बाकांवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याशी गप्पा माराव्यात, अशीच त्याची रचना. दक्षिण स्पेनचं घर रस्त्याकडे पाठ करून बसतं. बाहेर जाड, चुन्याने पांढऱ्या केलेल्या भिंती, मोजक्या खिडक्या, त्यांना घडीव लोखंडाचे गज. सगळी हौस आतल्या चौकात: कारंजं, कुंड्या, भोवती कमानींची ओसरी. हा चौक रोमन घरांपासून चालत आलेला आणि अरबी राजवटीत खुललेला. तिथल्या कॉर्दोबा शहरात 1921 पासून अशा सजवलेल्या चौकांची स्पर्धा भरते. आपल्या वाड्याची आठवण होणारच.

आत शिरल्यावर आधी वर बघा. लाकडी तुळया उघड्या दिसायला हव्यात. पीओपीचं फॉल्स सीलिंग असेल तर पुढचं बघायची गरज नाही. जमिनीला बिनचकाकीची भाजक्या मातीची फरशी, आणि जिन्याच्या उभ्या पट्ट्यांवर रंगीत नक्षीच्या टाइल्स.

कौलांची गंमत वेगळीच. स्पॅनिश कौल अर्धगोल असतं. एक उताणं, त्याच्या कडांवर दुसरं पालथं. आपल्या कोकणातली नळीची कौलं याच घडणीची. कुंभार चाकावर नळी काढून ती उभी चिरायचा, की दोन कौलं तयार. पुढे चपटी मंगलोरी कौलं आली आणि नळीची मागे पडली. आता तोच आकार ‘स्पॅनिश टाइल’ म्हणून विकत घ्यायचा!

उतार मात्र स्पेनचा घेऊ नये. कॉर्दोबात वर्षाला सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस. रायगडात तीन हजारांच्या घरात. तिथलं छप्पर बसकं, वळचण आखूड. नेऱ्यात तसंच बांधलं तर जुलैत भिंतींना ओल आणि दिवाळीआधी पुन्हा रंगकाम ठरलेलं. चौकावरही मग पत्रा चढतो. कौलं, फरशी, लोखंडी गज खुशाल स्पॅनिश घ्या. छपराला उतार चांगला ठेवा आणि पडवी आपलीच असू द्या, दोन-अडीच हात पुढे काढलेल्या वळचणीची.