गर्भारपण, रक्तदाब आणि रक्तातील मेद

सातव्या-आठव्या महिन्यातील गर्भवतीच्या रक्ताचा अहवाल घरी येतो. त्यात मेदाचा आकडा छापील मर्यादेच्या कितीतरी वर असतो, आणि वडीलधारी मंडळी त्याच दिवसापासून तिच्या ताटातील तूप बंद करतात. या काळजीमागील माया खरी असली, तरी आकड्याचे वाचन मात्र चुकलेले असते.

रक्तातील मेद मुख्यत्वे दोन : कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड. गर्भारपणात ते वाढणे ही निसर्गाचीच योजना होय. पहिल्या काही महिन्यांत मातेचे शरीर मेदाचा साठा करते. पुढे वारेतील संप्रेरकांच्या प्रभावाने तो साठा रक्तात उतरू लागतो. माता स्वतःची गरज बऱ्याच अंशी मेदावर भागविते व साखर गर्भासाठी राखली जाते. त्यामुळे शेवटच्या तिमाहीत ट्रायग्लिसराइड एरवीच्या दोन ते तीन पट होते. अहवालावर छापलेली मर्यादा सहसा गर्भवती नसलेल्यांची असते, ही गोष्ट सहज विसरली जाते.

प्रिएक्लॅम्प्सिया या विकारात ही वाढ आणखी पुढे जाते. विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब १४०/९० किंवा अधिक होणे आणि त्यासोबत लघवीतून प्रथिने जाणे अथवा यकृत, मूत्रपिंड यांसारख्या अवयवांना इजा पोहोचणे, हे त्याचे स्वरूप. अशा स्त्रियांत ट्रायग्लिसराइड इतर गर्भवतींपेक्षा सरासरीने अधिक, तर हितकारक समजले जाणारे एचडीएल कोलेस्टेरॉल बहुधा कमी आढळते. गर्भाशयातून वारेला रक्त पुरविणाऱ्या धमन्यांच्या भिंतींत काही वेळा मेदाने भरलेल्या पेशीही दिसतात. असे मेद रक्तवाहिन्यांच्या नाजूक अस्तराला इजा करीत असावेत, असे अनेक संशोधक मानतात. तथापि मेद हे विकाराचे कारण की त्याचा परिणाम, याचा निर्णय लागलेला नाही. निरोगी व आजारी गर्भवतींचे आकडे एकमेकांत इतके मिसळतात की, केवळ मेदाच्या तपासणीवरून निदान करता येत नाही. मेद उतरविणाऱ्या प्राव्हास्टॅटिन या औषधाची सुमारे १,१०० गर्भवतींवर चाचणी झाली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत, गर्भारपणाच्या अखेरीस हे औषध दिल्याने विकाराचे प्रमाण घटल्याचे दिसले नाही.

निदान होते ते रक्तदाबमापकाने आणि लघवीच्या साध्या तपासणीने. दोन्ही सोयी प्राथमिक आरोग्य केंद्रात असतात. तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, पोटाच्या वरच्या भागातील वेदना, चेहऱ्यावर व हातांवर एकाएकी आलेली सूज यांपैकी काहीही जाणवल्यास पुढील तारखेची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. रक्तदाब १६०/११० वर गेल्यास तातडीच्या उपचारांची गरज असते. आकडी येऊ नये म्हणून दिले जाणारे मॅग्नेशियम सल्फेट स्वस्त आहे. दहा हजारांहून अधिक स्त्रियांवरील, २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्याने आकडीचा धोका निम्म्याहून खाली आणला.

आपल्याकडे एक अडचण रिवाजातून येते. पहिलटकरणीस या विकाराचा धोका अधिक, आणि पहिले बाळंतपण माहेरी करण्याची प्रथाही तिचीच! नेमक्या जोखमीच्या महिन्यांत गाव बदलते, डॉक्टर बदलतात आणि रक्तदाबाच्या मागील नोंदी सासरी कपाटात राहतात. माता व बाल संरक्षण कार्ड तिच्या सामानात प्रथम ठेवले पाहिजे. आहारात कॅल्शियमच्या गोळ्या वेळेवर घेणे तूप तोडण्याहून अधिक मोलाचे. अधिक धोका असलेल्यांना डॉक्टर अल्प मात्रेत ॲस्पिरिनही देतात. ते मात्र स्वतःच्या मनाने घेऊ नये.

प्रसूतीनंतर काही आठवड्यांत ट्रायग्लिसराइड उतरते, कोलेस्टेरॉलला थोडा अधिक काळ लागतो. हा विकार होऊन गेलेल्या स्त्रीस पुढील आयुष्यात हृदयविकार व पक्षाघात यांचा धोका इतर मातांच्या सुमारे दुप्पट असतो. मेदाच्या तपासणीचे खरे प्रयोजन तिला तेव्हा पडते : बाळ काही महिन्यांचे झाल्यावर, रक्तदाब व साखर यांच्या जोडीने, आणि त्यानंतरही ठरावीक काळाने.