बोलणाऱ्याचे हुलगे आणि न बोलणाऱ्याचे गहू

‘बोलणाऱ्याचे हुलगे विकतात, पण न बोलणाऱ्याचे गहूसुद्धा विकत नाहीत,’ अशी एक जुनी म्हण मराठीत आहे. व्यापाराचे अर्धे शास्त्र या म्हणीत साठवलेले आहे. माल उत्तम असणे ही एक गोष्ट झाली. तो उत्तम आहे हे गिऱ्हाइकाला पटणे ही त्याहून निराळी गोष्ट होय. पहिली कारागिराच्या हातात असते. दुसरीसाठी बोलावे लागते, आणि आजच्या काळी हे बोलणे मुख्यत्वे इंटरनेटवर चालते. या बोलण्यापासून व्यापाराला लाभ कोणता, तो कसा होतो आणि त्याच्या मर्यादा कोणत्या, याचा विचार हैदराबादेतील एका बाजाराच्या आधाराने करणे सोयीचे होईल.

१५९१ साली उभारलेल्या चारमिनारच्या पश्चिमेस लाड बाजार आहे. लाखेच्या बांगड्यांसाठी तो प्रसिद्ध आहे. लाख म्हणजे पळस, बोर, कुसुम अशा झाडांवर वाढणाऱ्या एका बारीक किड्याचा स्राव. ती निखाऱ्याच्या उष्णतेने मऊ करावयाची, लांबट वळी काढून तिचे कडे वळावयाचे आणि ते गरम असतानाच त्यावर खडे, मणी व आरशाचे तुकडे एकेक करून हाताने बसवावयाचे, अशी ही कला आहे. २०२४ साली हैदराबादच्या या बांगड्यांना भौगोलिक मानांकन मिळाले. हे मानांकन नावाचे रक्षण करते. परंतु साच्यातून निघालेली स्वस्त नक्कल आणि हाताने घडवलेली बांगडी यांतील भेद काय, हे ते गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन सांगत नाही. तो भेद गिऱ्हाइकाला कळला नाही, तर तो किमतीकडे पाहून नक्कलच उचलील, आणि निखाऱ्यापुढे बसणाऱ्या कारागिराचा रोजगार जाईल. विक्रीच्या वाढीबरोबर एका कलेच्या जगण्याचाही प्रश्न येथे गुंतलेला आहे.

मराठवाड्याचे पाच जिल्हे १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होते, आणि त्या भागाचे या शहराशी असलेले नाते राज्ये बदलली तरी तुटलेले नाही. नांदेड-परभणीकडच्या एखाद्या घरी लग्न निघाले आहे, असे समजू. पूर्वी अशा वेळी हैदराबादच्या नातेवाइकाला पत्र जाई आणि त्याच्या शब्दावर दुकान ठरे. आज वधूची आई हातातील फोनवर विचारते, ‘लाखेच्या बांगडीचे माप कसे घ्यावे?’ तिने दुकान विचारलेले नाही, किंमतही विचारलेली नाही. तिची एक अडचण आहे. ज्याने त्या अडचणीचे उत्तर लिहून ठेवले असेल, त्याचे दुकान तिच्यापुढे येण्याचा संभव असतो.

हे कसे घडते? गूगलसारख्या शोधयंत्राचे कार्यक्रम इंटरनेटवरील एका पानावरून दुसऱ्या पानावर सतत फिरत असतात आणि कोणत्या पानावर कोणते शब्द आहेत याची प्रचंड सूची करून ठेवतात. ग्रंथाच्या शेवटी जशी शब्दसूची असते, तशीच ही समजावी. मग हजारो पानांतून आधी कोणते दाखवावे? लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन या दोन विद्यार्थ्यांनी १९९८ साली मांडलेली मूळ कल्पना अशी की, ज्या पानाचा हवाला इतर अनेक प्रतिष्ठित पाने देतात, ते अधिक विश्वासाचे मानावे. खेड्यात चार जाणती माणसे ज्या वैद्याचे नाव घेतात त्याच्याकडे लोक जातात. तोच हा न्याय. पुढे या गणितात अनेक नव्या कसोट्यांची भर पडली, तरी एक गोष्ट कायम राहिली. जो व्यापारी काही लिहीतच नाही, त्याच्याविषयी शोधयंत्राला फारसे काही सांगता येत नाही.

आता दोन दुकाने कल्पावी. पहिल्याच्या पानावर ‘आमच्याकडे सर्व प्रकारच्या उत्कृष्ट बांगड्या माफक दरात मिळतील’ एवढाच मजकूर आहे. दुसऱ्याने माप समजावून दिले आहे: बांगडीचे माप इंच आणि इंचाचे सोळावे भाग यांत सांगतात; ‘दोन-सहा’ म्हणजे आतील व्यास दोन पूर्णांक सहा सोळांश इंच, अर्थात सुमारे ६० मिलिमीटर; घरातील हातात नीट बसणारी एखादी बांगडी पट्टीवर ठेवून आतला व्यास मोजावा. शिवाय उष्णतेने लाख मऊ पडते, म्हणून बांगड्या चुलीजवळ किंवा कडक उन्हात ठेवू नयेत, हेही त्याने सांगितले आहे. अशा नियमित लेखनाला ब्लॉग किंवा अनुदिनी म्हणतात. नाव काहीही असो, काम दुकानदाराने गल्ल्यावर बसून नेहमी केलेलेच आहे.

या दुसऱ्या दुकानदाराचे लाभ मोजून पाहता येतात. एक तर, ज्याला खरोखर गरज आहे तोच माणूस त्याच्याकडे येतो. दुसरे असे की, विकण्यापूर्वीच त्याने काही दिले, म्हणून विश्वास बसतो. तिसरे, माप चुकून माल परत येण्याचे प्रमाण घटते. चौथे, जे उत्तर दिवसातून वीस वेळा द्यावे लागे, ते एकदा लिहिले की पुष्कळांच्या कामी येते. आणि पाचवा लाभ सहसा कोणी ध्यानात घेत नाही: लोक काय विचारतात हे पाहून कोणता माल करावा, हे व्यापाऱ्याला उमगते.

खर्चाचाही विचार करावा. वर्तमानपत्रातील जाहिरात दुसऱ्या दिवशी शिळी होते. शोधयंत्रावरील जाहिरातीची जागा लिलावाने मिळते आणि बहुधा प्रत्येक टिचकीमागे पैसे पडतात. पैसे संपले की जाहिरात नाहीशी होते. मेहनतीने लिहिलेला लेख मात्र वर्षानुवर्षे गिऱ्हाईक आणू शकतो. अर्थात तो फुकट नसतो. त्याला वेळ लागतो, आणि फळ दिसावयास काही महिने थांबावे लागते. सण तोंडावर आला असेल तर जाहिरातच उपयोगी. बारमाही नावासाठी लेखन.

हा विचार मराठी माणसाला नवा नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी विसाव्या शतकाच्या आरंभी लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. नांगर चांगला असून भागत नव्हते. समज बदलणे आवश्यक होते. पुढे १९२० साली शंकरराव किर्लोस्करांच्या संपादकत्वाखाली किर्लोस्करवाडीहून ‘किर्लोस्कर खबर’ हे पत्र निघू लागले. कारखान्याच्या वार्तेपासून आरंभ झालेले हे पत्र ‘किर्लोस्कर’ या नावाने मराठीतील अग्रगण्य मासिक बनले. वाचकाला उपयोगी पडेल असे काही दिले, तर तो देणाऱ्याचे नाव विसरत नाही, याचा याहून चांगला दाखला कोणता?

जागा कोणाची, हाही प्रश्न महत्त्वाचा आहे. फेसबुक, इन्स्टाग्राम यांवर दुकान मांडणे सोपे. पण ती जागा परक्याची. २९ जून २०२० रोजी भारत सरकारने टिकटॉकसह ५९ ॲपवर बंदी घातली, तेव्हा केवळ तेथेच आपले प्रेक्षक जमवलेल्यांचा संपर्क एकाएकी तुटला. म्हणून जत्रेत पाल जरूर ठोकावे, परंतु स्वतःच्या नावाचे संकेतस्थळ आणि गिऱ्हाइकांच्या संमतीने ठेवलेली त्यांची यादी, हे घर आपले असावे. लेखन इंग्रजीतच हवे, हाही गैरसमज आहे. नांदेडची आई मराठीत विचारते. तिला मराठीत उत्तर देणारा दुकानदार विरळा, म्हणून तो अधिक लवकर सापडतो.

शेवटी मर्यादा. बोलणाऱ्याचे हुलगे विकतात हे खरे. पण पूर्वी फसलेला माणूस फार तर आपल्या आळीत सांगे, आज तो आपला अनुभव साऱ्या जगासमोर लिहून ठेवतो. त्यावर उपाय म्हणून खोटे अभिप्राय लिहवून घेण्याचा मोह काहींना होतो. फसव्या जाहिरातींना ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे शिक्षा आहे. २०२२ साली त्यासंबंधी मार्गदर्शक तत्त्वे निघाली आणि त्याच वर्षी ऑनलाइन अभिप्रायांसाठी भारतीय मानक ब्यूरोने मानकही ठरवले. अलीकडे यंत्रबुद्धीची साधने परस्पर उत्तरे देऊ लागल्याने काही वाचक मूळ पानापर्यंत येतही नाहीत. तरी त्या साधनांनाही कोणीतरी लिहिलेलेच वाचावे लागते. आणि निखाऱ्यापुढे बसलेल्याला जे ठाऊक आहे, ते त्याच्याशिवाय दुसरा कोण लिहिणार?

तेव्हा म्हणीचा बोध थोडा वाढवून घ्यावा. ज्याच्या कोठारात गहू आहेत त्याने संकोच सोडून बोलावे, खरे बोलावे आणि गिऱ्हाइकाच्या भाषेत बोलावे. तो गप्प राहिला, तर बाजार हुलग्यांनीच भरून जाईल.