जुनी स्पोर्ट्स गाडी घेताना चार आकडे मागा

कापडाचा गठ्ठा घेताना आम्ही वरचे थान पाहून सौदा करीत नाही. मधले थान काढायला लावतो, उजेडासमोर धरतो आणि मगच भाव बोलतो. परंतु तोच व्यापारी जुनी गाडी घ्यायला निघाला की रंग पाहतो, गादी दाबतो आणि खिशात हात घालतो. आमच्या घरातही असेच होता होता राहिले, म्हणून हा लेख.

२०१९ च्या जानेवारीत आम्ही धंद्याच्या कामानिमित्त दुबईस गेलो होतो. कोकणातील अनेक मुलांप्रमाणे आमचा भाचाही आखातात, शारजात नोकरीस आहे. चार वर्षांच्या बचतीतून त्याला दोन आसनी, चार सिलिंडरची जुनी स्पोर्ट्स गाडी घ्यायची होती. "मामू, गाडी एकदम चकाचक आहे. आज बयाना दिला नाही तर हातची जाईल," असे त्याचे म्हणणे. आम्ही म्हणालो, "बेटा, गाडी गेली तर दुसरी मिळेल, पैसा गेला तर चार वर्षे गेली. आधी कॉम्प्रेशन तपासून घे."

विकणाऱ्याने एका गॅरेजची चिठ्ठी पुढे केली. तीवर 'कॉम्प्रेशन ठीक' एवढाच शेरा होता, आकडा एकही नव्हता. आकड्याशिवायची चिठ्ठी म्हणजे वजन न लिहिलेली पावती. आम्ही आमच्या खर्चाने दुसरीकडे तपासणी मागितली.

कॉम्प्रेशन म्हणजे पिस्टन वर येताना सिलिंडरातील हवा किती दाबली जाते, ते. रिंगा झिजल्या, व्हॉल्व्ह नीट बसत नसले किंवा हेड गॅस्केट फुटले तर हवा निसटते आणि दाब कमी होतो. तपासणीची रीत ठरलेली आहे. इंजिन गरम हवे, बॅटरी भरलेली हवी. सर्व स्पार्क प्लग काढायचे, पेट्रोल व ठिणगी बंद करायची. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरायचा आणि एकेका सिलिंडरला गेज लावून काटा थांबेपर्यंत स्टार्टर फिरवायचा. ॲक्सिलरेटर दाबला नाही किंवा बॅटरी मंद असली तर चांगले इंजिनही कमी आकडा दाखविते. म्हणून तपासणीच्या वेळी स्वतः जवळ उभे राहावे.

आमच्यासमोर आकडे निघाले ते असे : १७५, १७०, ११५ आणि ११०. हे दर चौरस इंचास पौंडात.

आता वाचायचे कसे? प्रत्येक इंजिनचा योग्य दाब कंपनीच्या पुस्तकात दिलेला असतो, तो पाहावाच. टर्बो इंजिनात किंवा शर्यतीचा कॅमशाफ्ट बसविलेल्या इंजिनात आकडा मुळातच कमी असू शकतो. शिवाय दोन गेज तंतोतंत सारखे दाखवीत नाहीत. म्हणून एकट्या आकड्यापेक्षा चारही आकड्यांतील फरक महत्त्वाचा. सर्वसाधारण हिशेब असा की, सर्वांत कमी आकडा सर्वांत जास्त आकड्याच्या निदान ७५ टक्के असावा. फरक १० टक्क्यांच्या आत असला तर उत्तम. येथे १७५ च्या समोर ११० म्हणजे ६३ टक्केच भरले.

मिस्त्रीने मग कमी दाबाच्या दोन सिलिंडरांत चमचाभर इंजिन ऑईल सोडून पुन्हा मोजले. ऑईल टाकल्यावर दाब चांगला वाढला तर रिंगा किंवा सिलिंडर झिजलेले समजावे, कारण ऑईल ती फट काही क्षण भरून काढते. वाढला नाही तर दोष व्हॉल्व्हचा किंवा गॅस्केटचा. येथे काटा जेमतेम हलला. शिवाय कमी दाबाचे दोन्ही सिलिंडर एकमेकांना लागून होते. ही खूण त्या दोघांमधील गॅस्केट फुटल्याची. खात्रीसाठी तिसऱ्या सिलिंडरात दाबाची हवा सोडली, ती चौथ्याच्या प्लगच्या भोकातून फुसफुसली. हवा सायलेन्सरातून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, ऑईल भरण्याच्या तोंडातून आली तर रिंगा, रेडिएटरात बुडबुडे उठले तर गॅस्केट किंवा हेडला तडा, असा या हवेच्या तपासणीचा अर्थ लावतात.

चारही आकडे सारखेच कमी आले तर इंजिन एकंदर झिजलेले असू शकते, किंवा टायमिंग बेल्ट एखादा दात सरकलेला असतो. फारच जास्त आले तर आत कार्बन साठल्याची शंका घ्यावी. माझदाच्या आरएक्स-७ व आरएक्स-८ गाड्यांत रोटरी इंजिन असते. त्याला साधे गेज पुरत नाही. प्रत्येक रोटरच्या तिन्ही बाजूंचे वेगवेगळे आकडे देणारे खास यंत्र लागते.

विकणारा म्हणाला, "गॅस्केटच तर आहे, तेवढे पैसे कमी करतो." भाचा लगेच राजी झाला. आम्ही त्याला थांबविले. गॅस्केट स्वस्त असते, पण इंजिन तापून हेड वाकले आहे काय, हे उघडल्याशिवाय कळत नाही. ज्या ऐबाची किंमत मोजता येते, ती भावातून वजा करून माल घ्यावा. ज्याची मोजता येत नाही, तो माल सोडावा. भाचा दोन दिवस आमच्याशी नीट बोलला नाही.

तीन आठवड्यांनी त्याने फोनवर दुसऱ्या गाडीचे आकडे वाचून दाखविले : १७२, १६८, १७०, १६५. आम्ही विचारले, थंड इंजिन सुरू करून धूर पाहिलास काय? ऑईल किती खाते? गिअर कसे पडतात? कारण कॉम्प्रेशन चांगले असूनही ऑईलच्या रिंगा चिकटलेल्या असू शकतात, आणि बेअरिंगचा आवाज या गेजवर दिसत नाही. सर्व पाहून त्याने ती गाडी घेतली.

स्पोर्ट्स गाडी आपल्यापैकी थोडेच घेतील. पण माल वाहण्यासाठी जुनी पेट्रोल व्हॅन घेणारे पुष्कळ आहेत, आणि परीक्षा तीच आहे. डिझेल इंजिनचा दाब याहून पुष्कळ जास्त असतो, त्यास वेगळे गेज लागते, एवढे लक्षात ठेवावे. बयाना देण्यापूर्वी आकडे कागदावर घ्यावेत. जो विकणारा तपासणीस नाही म्हणतो, त्याने आपला आकडा सांगूनच टाकलेला असतो.