सार्वजनिक आरोग्यात काम करायचे आहे? पहिली नोकरी आणि फेलोशिप कुठे शोधाल

‘डॉक्टर, माझं बी.ए. झालंय. आरोग्य खात्यात काही जमेल का?’ घाटनांदूर, अंबाजोगाई, परळी या भागातली मुले-मुली भेटली की हा प्रश्न हमखास येतो. विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा दोनच चित्रे असतात: एक डॉक्टरचे, दुसरे नर्सचे. या दोन्हींच्या मध्ये कितीतरी कामे आहेत आणि त्यातली बरीच साध्या पदवीधराला करता येतात, हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते. म्हणून एक-दोन वर्षे पुण्याला किंवा लातूरला क्लास लावण्यात जातात, घरचे पैसे संपतात आणि जवळ आलेली संधी दिसत नाही. या लेखात ती संधी कुठे आणि कशी शोधायची ते पाहू.

सार्वजनिक आरोग्य म्हणजे कोणते काम?

दवाखान्यात डॉक्टर एका रुग्णाला तपासतो. सार्वजनिक आरोग्यात आपण अख्ख्या गावाचा किंवा तालुक्याचा विचार करतो. किती बाळांचे लसीकरण राहिले, ती कोणत्या वस्तीतली आहेत, का राहिले, हे शोधून त्यावर उपाय करणे हे ते काम.

आपल्या बीड जिल्ह्यातच याची मोठी उदाहरणे आहेत. २०११च्या जनगणनेत जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात १,००० मुलांमागे फक्त ८०७ मुली होत्या. २०१९ मध्ये ऊसतोड महिलांची पाहणी झाली. ८२ हजारांहून अधिक महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले असल्याचे त्यात आढळले. एकेका दवाखान्यात बसून हे कोणालाच दिसले नसते. घरोघर जाऊन विचारले, मोजले, मांडले, तेव्हा प्रश्न विधिमंडळापर्यंत पोहोचला.

हे काम करायला डॉक्टरच लागतो असे नाही. बीडला लागून असलेल्या जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केले ते गावातल्या, अनेकदा अक्षरओळखही नसलेल्या महिलांना आरोग्य कार्यकर्त्या म्हणून तयार करून. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्या महिलांनाच नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवले आणि बालमृत्यू कमी करून दाखवले. आजची आशा योजना उभी करताना देशाला अशा अनुभवांचा उपयोग झाला.

सरकारी यंत्रणेत सुरुवातीची पदे कोणती?

राष्ट्रीय आरोग्य अभियानात (एनएचएम) जिल्हा आणि तालुका पातळीवर कंत्राटी पदे भरली जातात. नेहमी दिसणारी काही पदे अशी:

• वरिष्ठ उपचार पर्यवेक्षक (एसटीएस): क्षयरोग कार्यक्रमातले पद. पदवी किंवा स्वच्छता निरीक्षकाचा कोर्स, संगणकाचे प्रमाणपत्र आणि दुचाकीचा कायमस्वरूपी परवाना लागतो. रुग्ण औषधे नीट घेतात का ते पाहणे आणि ‘निक्षय’ पोर्टलवर नोंदी ठेवणे हे काम. परवाना नाही म्हणून अर्ज बाद होतो, हे आधी लक्षात घ्या.
• समुपदेशक: एचआयव्ही तपासणी केंद्र, किशोरवयीन आरोग्य अशा ठिकाणी. समाजकार्य, मानसशास्त्र, समाजशास्त्र या विषयांच्या पदवीधरांना संधी.
• डेटा एंट्री ऑपरेटर: पदवी, एमएससीआयटी आणि टायपिंगची प्रमाणपत्रे.
• समुदाय आरोग्य अधिकारी (सीएचओ): उपकेंद्रावरचे पद. बीएएमएस किंवा बी.एस्सी. नर्सिंग झालेल्यांसाठी.
• एएनएम, स्टाफ नर्स, लॅब टेक्निशियन, औषधनिर्माता: त्या त्या कोर्सनंतर.

याशिवाय महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत समाविष्ट रुग्णालयांमध्ये ‘आरोग्यमित्र’ असतात. कागदपत्रे पाहून रुग्णाला योजनेचा लाभ मिळवून देणे हे त्यांचे काम. लोकांशी बोलण्याची आवड असेल तर पहिली नोकरी म्हणून हे चांगले शिक्षण आहे.

या पदांची दुसरी बाजूही ऐकून ठेवा. एनएचएमची पदे कराराची असतात आणि करार मुदतीने पुन्हा करावा लागतो. दहा वर्षे सेवा झालेल्यांना सामावून घेण्याचा शासन निर्णय मार्च २०२४ मध्ये निघाला, तरी अंमलबजावणीसाठी कर्मचाऱ्यांना २०२५ मध्ये संप करावा लागला. म्हणून ‘सरकारी नोकरी लागली’ असे समजून कर्ज काढू नका. पहिली दोन-तीन वर्षे अनुभव मिळवण्याची जागा म्हणून तिच्याकडे बघा.

जाहिरात कुठे येते?

कंत्राटी भरती बहुतेक वेळा ‘जिल्हा एकात्मिक आरोग्य व कुटुंब कल्याण सोसायटी’ या नावाने निघते. हे नाव लक्षात ठेवा, कारण जाहिरातीत ‘एनएचएम’ हा शब्द ठळक असतोच असे नाही. आठवड्यातून एक दिवस ठरवून पुढची ठिकाणे पाहा:

• बीड जिल्ह्याच्या आणि बीड जिल्हा परिषदेच्या अधिकृत संकेतस्थळावरचा भरती विभाग
• राज्याच्या एनएचएमचे आणि आरोग्य विभागाचे संकेतस्थळ
• जिल्हा आरोग्य अधिकारी आणि जिल्हा शल्यचिकित्सक कार्यालयांचे नोटीस बोर्ड
• अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय. तिथल्या पीएसएम विभागात (रोगप्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्र) एखादे सर्वेक्षण किंवा संशोधन प्रकल्प सुरू आहे का, ते जाऊन विचारा

फक्त बीडवर थांबू नका. लातूर, धाराशिव, परभणी, अहिल्यानगर या शेजारच्या जिल्ह्यांच्या जाहिराती वेगळ्या निघतात. घाटनांदूर परळी-विकाराबाद रेल्वेमार्गावर आहे, त्यामुळे लातूर किंवा परभणीकडे मुलाखतीला जाणे अवघड नाही. मोठ्या सर्वेक्षणांसाठीही घरोघर माहिती गोळा करणारी मुले-मुली लागतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची जबाबदारी मुंबईच्या देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेकडे असते आणि प्रत्यक्ष भरती त्यांनी नेमलेल्या एजन्सी करतात. काम काही महिन्यांचेच असते, पण प्रश्नावली कशी विचारायची ते पक्के शिकायला मिळते.

फेलोशिप म्हणजे काय?

हा शब्द तीन वेगवेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो, त्यामुळे गोंधळ होतो.

पहिली, पीएच.डी.साठीची. बार्टी, सारथी, महाज्योती यांच्या संशोधन फेलोशिप या प्रकारातल्या. पदवीनंतर लगेच उपयोग नाही.

दुसरी, डॉक्टरांसाठीची. साथरोगांचा शोध घेण्याचे दोन वर्षांचे प्रशिक्षण देणारा ‘इंडिया ईआयएस’ कार्यक्रम राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्र चालवते. एमबीबीएस झालेल्यांनी याचा विचार जरूर करावा.

तिसरी, प्रत्यक्ष गावात काम करण्याची. पदवीधरांसाठी हीच महत्त्वाची. काही नावे:

• एसबीआय यूथ फॉर इंडिया: १३ महिने, वय २१ ते ३२, कोणत्याही शाखेचा पदवीधर. स्वयंसेवी संस्थेबरोबर खेड्यात राहून काम. आरोग्य हा त्यातला एक विषय आहे.
• मुख्यमंत्री फेलोशिप: महाराष्ट्र शासनाची. वय २१ ते २६, पदवीला किमान ६० टक्के आणि एक वर्षाचा अनुभव अशा अटी असतात.
• ‘निर्माण’: ‘सर्च’ संस्थेचा तरुणांसाठीचा उपक्रम. शिबिरांनंतर सामाजिक प्रश्नावर वर्षभर काम करू इच्छिणाऱ्यांसाठी ‘कर के देखो’ ही फेलोशिप आहे.

वयाची अट, मानधन आणि शेवटची तारीख त्या वर्षीच्या जाहिरातीतच पाहा. फेलोशिप ही नोकरी नाही. ती संपली की तुम्ही पुन्हा मोकळे असता. म्हणून नवव्या-दहाव्या महिन्यातच पुढचे अर्ज सुरू करा.

अनुभव नाही, मग सुरुवात कशी?

जवळजवळ प्रत्येक जाहिरातीत ‘अनुभव’ मागतात आणि नवख्याकडे तो नसतो. इथे तुमचे गाव उपयोगी पडते. मोठ्या शहरात एमपीएच केलेल्याला माहीत नसलेल्या गोष्टी तुम्हाला माहीत आहेत: कोणती टोळी दिवाळीच्या सुमाराला कोणत्या कारखान्यावर जाते, उचल कोण घेते, मागे घरी म्हातारी माणसे आणि कोणती पोरे राहतात. पण हे मुलाखतीत नुसते बोलून दाखवले तर मोजले जात नाही. ते कागदावर आणावे लागते.

एक साधे काम करून पाहा. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटा आणि त्यांच्या परवानगीने आशाताईंबरोबर एका वस्तीत जा. साधारण १,००० लोकसंख्येमागे एक आशा असते, म्हणजे काम आवाक्यातले आहे. दोन वर्षांखालची मुले मोजा. गोवर-रुबेलाचा पहिला डोस ९ ते १२ महिन्यांत आणि दुसरा १६ ते २४ महिन्यांत द्यायचा असतो. वयाप्रमाणे ज्यांचा डोस व्हायला हवा होता त्यांच्यापैकी किती जणांचा राहिला, आणि त्यांतल्या किती जणांचे आई-वडील कोयत्यावर होते, ते लसीकरण कार्डावरून पाहा. ‘आठ मुलांचा डोस राहिला’ एवढे सांगून भागत नाही, ‘किती मुलांपैकी आठ’ हे सांगावे लागते.

घरच्यांना विचारूनच माहिती घ्या. कोणाचे नाव किंवा आजार बाहेर सांगू नका, फोटो गटावर टाकू नका. शेवटी एका पानाची नोंद लिहा: काय पाहिले, किती सापडले, काय करता येईल. ती आरोग्य केंद्राला द्या, म्हणजे राहिलेल्या बाळांना लस मिळेल. स्वतःकडे एक प्रत ठेवा. मुलाखतीत ते एक पान दहा प्रमाणपत्रांपेक्षा जास्त बोलते.

सोबत या तयारी करा:

• एक्सेलमध्ये तक्ता करणे आणि मोबाइलवर कोबोसारख्या मोफत अॅपमध्ये प्रश्नावली भरणे शिका.
• चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेचा आरोग्य संशोधनाच्या मूलतत्त्वांवरचा ऑनलाइन कोर्स मोफत शिकता येतो.
• अणदूरचे हॅलो मेडिकल फाउंडेशन किंवा जामखेडचा प्रकल्प अशा जवळच्या संस्थांना पत्र लिहून काही महिने शिकायला येऊ का, असे विचारा.
• कुठेही काम केले की निघताना लेटरहेडवर, तारखांसह अनुभव प्रमाणपत्र घ्या. नंतर ते मिळणे कठीण जाते.

पुढे शिकायचे असेल तर एमपीएचचा कोर्स मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात आहे. टाटा संस्थेचा ग्रामीण परिसर तर तुळजापूरलाच आहे. शक्य असल्यास वर्षभर काम करून मग प्रवेश घ्या. आपल्याला नेमके काय शिकायचे आहे ते तोवर कळते.

कोणी पैसे मागितले तर?

देऊ नका. जाहिरातीत लिहिलेल्या अर्ज शुल्काव्यतिरिक्त एक रुपयाही लागत नाही. २०२१ मध्ये आरोग्य विभागाच्या भरतीचा पेपर फुटला, गुन्हे दाखल झाले आणि अभ्यास करून बसलेल्या हजारो मुलांचे नुकसान झाले. ‘ऑर्डर काढून देतो’ म्हणणाऱ्यासाठी जमीन किंवा आईचे दागिने गहाण टाकलेली घरे आपल्या भागात कमी नाहीत. व्हॉट्सअॅपवर आलेली जाहिरात अधिकृत संकेतस्थळावर दिसत नसेल तर ती खोटी समजा. मुलीला एकटीला ‘मुलाखतीसाठी’ हॉटेलवर किंवा खासगी जागी बोलावले तर जाऊ नये.

लक्षात ठेवा

• आजच करण्यासारखे: दुचाकीचा परवाना, एमएससीआयटी, जात आणि अधिवासाचे दाखले यांतले काय राहिले आहे ते तपासा.
• या महिन्यात: एका वस्तीची एका पानाची नोंद पूर्ण करा.
• येत्या सहा महिन्यांत: किमान दोन जिल्ह्यांच्या कंत्राटी पदांसाठी आणि एका फेलोशिपसाठी अर्ज करा.

पहिल्या अर्जाला नकार आला तर खचू नका. आपण कुठे कमी पडलो, गुणांत, कागदपत्रांत की अनुभवात, ते गुणवत्ता यादीत बघा आणि तेवढेच दुरुस्त करून पुढचा अर्ज भरा.