सातव्या महिन्याचा आकडा

आमच्या एका स्नेह्याच्या वडिलांना प्रोस्टेटचा कर्करोग झाला. तोही हाडांत उतरलेला. संप्रेरकाची इंजेक्शने सुरू झाली आणि घरच्यांचा एकच प्रश्न : "गुण येईल ना?"

हा रोग पुरुषी संप्रेरकावर पोसतो व ते तोडले की ओसरतो, हे शिकागोच्या चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ साली दाखवून दिले. त्याबद्दल त्यांना १९६६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पण ओसरलेला रोग कुणाच्या बाबतीत लवकर उलटतो, तर कुणात वर्षानुवर्षे दबून राहतो. ते ओळखावे कसे?

रक्तातल्या 'पीएसए' नावाच्या प्रथिनावरून! २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन अभ्यासात उपचाराच्या सात महिन्यांनंतर ते मोजले होते. आकडा ०.२ किंवा त्याखाली आलेल्यांपैकी निम्मे रुग्ण पुढे ७५ महिन्यांहून अधिक जगले. ४ च्या वर राहिलेल्यांत हीच मुदत अवघी १३ महिने भरली.

आता सुरुवातीलाच जोडीला नवी औषधे देतात, त्यामुळे आयुष्याची दोरी लांबली आहे. शिवाय, वाचकहो, निम्मे रुग्ण त्या मुदतीपलीकडेही जगले, हे विसरू नका. आकडा म्हणजे जन्मपत्रिका नव्हे. डॉक्टरांना वेळीच सावध करणारी ती घंटा आहे.