हँडब्रेक ढिला पडला, तर आधी चाक पहा



या पानावर मी नेहमी बेणे, खत आणि खोडव्याच्या गोष्टी लिहितो. या वेळी विषय थोडा वेगळा आहे, पण तो तुमच्या दारातल्या गाडीचा आहे आणि गाडीअड्ड्यावर रांगेत उभ्या असलेल्या ट्रॅक्टरचाही आहे.

माझे मूळ गाव घुग्घुस, जिल्हा चंद्रपूर. कोळशाच्या खाणी, सिमेंटचा कारखाना आणि रात्रंदिवस धावणारे ट्रक असे ते गाव. वडील खाणीत डंपरवर होते. मागच्या उन्हाळ्यात मी जुनी मारुती ८०० घेऊन गावी गेलो. दारासमोर थोडा उतार आहे. गाडी उभी केली, हँडब्रेक ओढला आणि घरात जाऊन चहाला बसलो. पाच मिनिटांत बाहेर धाडकन आवाज झाला. गाडी आपली आपण मागे सरकून शेजाऱ्यांच्या पाण्याच्या टाकीवर आदळली होती. त्याच टाकीच्या सावलीत माझी पुतणी थोड्या वेळापूर्वी भातुकली मांडून बसली होती. आईने जेवायला हाक मारली म्हणून ती उठली होती. पुढचे लिहीत नाही.

गंमत अशी, की आठच दिवसांपूर्वी एका गॅरेजमध्ये मी हँडब्रेक ‘टाइट’ करून घेतला होता. वडिलांनी सगळे ऐकले आणि म्हणाले, “नुसता दांडा ओढून का होते बाबू? चाकाले इचार.” दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी मागची चाके खोलली. तेव्हा जे कळले ते येथे देतो.

हँडब्रेक काम कसा करतो?

दांडा ओढला की तारेची केबल ताणली जाते. ती मागच्या दोन्ही चाकांच्या ड्रममधील छोटा दांडा ओढते. तो दांडा ब्रेकचे दोन शू ड्रमच्या आतल्या बाजूवर दाबतो आणि चाक धरले जाते. म्हणजे धरण्याचे खरे काम शू करतात, केबल फक्त निरोप पोचवते. शू झिजले, की ड्रम आणि शू यांतले अंतर वाढते आणि दांडा जास्त ओढावा लागतो. अशा वेळी बहुतेक मिस्त्री दांड्याजवळचा नट आवळून देतात. दांडा घट्ट लागतो, आपण खूश होतो. पण अंतर तसेच राहते. उलट आतला दांडा आधीच अर्धा ओढलेला राहतो आणि त्याची पुढची ओढ कमी होते. ज्या गाड्यांत शूची जुळणी आपोआप होते, तेथे तीही बंद पडते. माझ्या गाडीत नेमके हेच झाले होते. भरीस घुग्घुसची काळी धूळ ड्रममध्ये साचून जुळणीचे दातेरी चक्र जाम झाले होते.

दुरुस्तीचा क्रम

१) गाडी सपाट जागी घ्यावी. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड किंवा लाकडी ठोकळे लावावेत, मगच हँडब्रेक सोडून मागची बाजू उचलावी. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नये.

२) केबलचा नट ढिला करून ड्रम काढावा. धूळ तोंडाने किंवा हवेने उडवू नये. जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते, ते छातीत जाते. ओल्या फडक्याने पुसावे.

३) लायनिंग झिजली असेल किंवा तिला ब्रेक ऑइल वा ग्रीस लागले असेल, तर दोन्ही चाकांचे शू बदलावेत. पेट्रोलने धुऊन परत बसवू नयेत. तेल कोठून गळते ते आधी बंद करावे.

४) दातेरी चक्र साफ करून मोकळे करावे. ड्रम बसवून शूची जुळणी करावी. चाक हाताने फिरवल्यावर किंचित घासल्याचा आवाज यावा, पण चाक अडू नये.

५) केबल गंजली, तुटत आली किंवा नळीत अडकत असेल, तर बदलावी. दांडा सोडल्यावर ती पूर्ण परत गेली पाहिजे.

६) नट सर्वांत शेवटी आवळावा. दांडा किती दात वर यावा हे गाडीच्या पुस्तिकेत असते. छोट्या गाड्यांत साधारण ५ ते ८ दात असतात. दोन्ही चाके सारखी धरतात का, हे पाहावे.

७) पाच-सहा किलोमीटर चालवून ड्रमजवळ हात न्यावा. एक चाक फार तापले असेल, तर तेथे ब्रेक घासतो आहे.

आता ट्रॅक्टरचे पहा

दहा फुटांला एक फूट असा चढ धरला, तर ६५० किलोच्या रिकाम्या गाडीला उतार सुमारे ६५ किलोच्या जोराने खाली ओढतो. तोच हिशेब ऊस भरलेल्या ट्रॉल्या आणि ट्रॅक्टर मिळून १२ टनांना लावला, तर ओढ १,२०० किलोची होते! बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो. ती सगळी ओढ ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांवर येते. शेतात वळण्यासाठी आपण दोन ब्रेकची पायपट्टी वेगळी ठेवतो. रस्त्यावर ती कडीने जोडली नाही, तर पार्किंगची खिट्टी एकच चाक धरते.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम १२६ प्रमाणे चालकाने इंजिन बंद करून व ब्रेक लावूनच गाडी सोडावी लागते. पण दंडापेक्षा मोठी गोष्ट वेगळी आहे. रात्री रांगेत नंबर येईपर्यंत कितीतरी माणसे ट्रॉलीच्या आडोशाला, कधी ट्रॉलीखालीही, आडवी होतात. तोडणी कामगारांची लेकरेही तेथेच असतात. म्हणून विनंती :

पायपट्ट्या जोडा, खिट्टी लावा, गाडी गिअरमध्ये ठेवा आणि ट्रॉलीच्या चाकाला ठोकळा द्या. ट्रॉलीखाली कोणालाही झोपू देऊ नका. आणि रस्त्यात लावलेला दगड निघताना उचलाच. मागून अंधारात मोटारसायकलवर येणारा आपल्यापैकीच कोणाचा तरी मुलगा असतो.

हंगामाआधी आपण कोयते पारजतो, टायर पाहतो. त्याच दिवशी एकदा चाकालाही विचारावे.

– ऊस विकास अधिकारी